उंच छताच्या खोलीत दिवे कसे निवडायचे: आधी खालचे आठ फूट बघा

उंच छताची खोली दिवसा बघितली की कोणालाही आवडते, मोकळं मोकळं वाटतं, वरच्या खिडकीतून उजेड येतो, सगळं कसं भारी. खरी परीक्षा संध्याकाळी दिवे लावले की सुरू होते. माझंच सांगतो, म्हणजे पुढचं सगळं मी कुठून बोलतोय ते कळेल. हॉल पंधरा फूट उंच, छतात नऊ डाउनलाइट, म्हणजे खाली तोंड करून छतात बसवलेले दिवे, तीन ओळी आणि प्रत्येक ओळीत तीन, कागदावर एकदम शिस्तीत. पहिल्या संध्याकाळी सगळे एकदम चालू केले आणि फरशी अशी काही झगमगली की मी खूश. मग सोफ्यावर बसलो. समोर बायको बसलेली, तिच्या डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन काळ्या खोबण्या आणि नाकाची सावली थेट ओठांवर. तिलाही मी तसाच दिसत असणार, कारण तिचा पहिला प्रश्न होता, "बरं नाहीये का तुला?" पुस्तक उघडलं तर पानावर माझ्याच डोक्याची सावली, आणि वर मान केली तर भिंतींचा वरचा भाग गायब, जणू विहिरीच्या तळाशी बसलोय.

त्या नऊपैकी सहा दिवे आता फक्त कानातलं वगैरे हरवलं की लागतात.

त्यातून एक गोष्ट डोक्यात बसली ती अशी की छत कितीही उंच असो, आपण राहतो खालच्या सात-आठ फुटांतच. बसतो, जेवतो, वाचतो, एकमेकांची तोंडं बघतो ते सगळं तिथेच. त्यामुळे आधी त्या आठ फुटांचा प्रकाश नीट करायचा आणि मग वरच्या रिकाम्या भागाचं काय ते बघायचं. दुकानात गेलं की हे उलटं होतं, आधी झुंबर डोळ्यात भरतं आणि बाकीचं "बघू नंतर". तर आता क्रमाने.

१. टेप घ्या आणि खोली मोजा

लांबी, रुंदी, उंची. उंची एकाच ठिकाणी मोजून थांबू नका, छत उतरतं असेल तर सगळ्यात उंच टोक, सगळ्यात खालचं टोक आणि तुळया असतील तर तुळईच्या खालच्या बाजूची उंची, हे तिन्ही लिहून ठेवा. कागदावर साधा नकाशा काढा आणि त्यात सोफा, जेवणाचं टेबल, वाचायची खुर्ची, टीव्ही, पंखा, जिना, खिडक्या दाखवा. सामान अजून आलं नसेल तरी कुठे येणार ते ठरवा, कारण दिवा टेबलाच्या वर हवा असतो आणि आपण तो खोलीच्या मधोमध लावतो, मग टेबल दोन फूट सरकलं की आयुष्यभर तो दिवा तिरका वाटत राहतो.

आणखी एक, माळा किंवा वरच्या मजल्याची गॅलरी या खोलीत उघडत असेल तर तीही नकाशात घ्या. उंच खोलीत दिवे वरूनही दिसतात हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. खालून सुंदर दिसणाऱ्या शेडच्या आत वरून डोकावलं की उघडा बल्ब थेट डोळ्यात जातो, आणि शेडच्या डोक्यावर साचलेली धूळ दिसते ती वेगळीच.

२. वर लावलेला दिवा खाली किती पोचतो ते समजून घ्या

हा भाग जरा गणिताचा आहे पण टाळू नका, सगळी गोम इथेच आहे. एखाद्या दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की त्याच जागेवर पडणारा प्रकाश निम्मा नाही, पाव होतो. ही नवी गोष्ट नाही, योहान लॅम्बर्ट या शास्त्रज्ञाने १७६० सालीच ती व्यवस्थित मांडून ठेवली होती. आता हिशोब करा. टेबल अडीच फुटांवर असतं. नऊ फुटी छत असेल तर दिवा टेबलापासून साडेसहा फूट, पंधरा फुटी छत असेल तर साडेबारा फूट. म्हणजे अंतर साधारण दुप्पट, आणि तोच दिवा टेबलावर जेमतेम पाव प्रकाश देतो. "जुन्या घरात या दोन दिव्यांत लखलखाट व्हायचा, इथे काय झालं?" हे झालं.

याचा अर्थ उरलेला प्रकाश हवेत विरला असं नाही हं. तो पसरला. काही भिंतींवर गेला, काही खिडकीतून बाहेर गेला, काही कोपऱ्यात. म्हणून अख्ख्या खोलीचा उजेड काही पावपट होत नाही, पण जिथे हवा तिथे तो राहत नाही.

३. एकूण प्रकाश किती लागेल याचा ढोबळ अंदाज काढा

बल्ब घेताना वॅट बघायची सवय सोडा, वॅट म्हणजे वीज किती खातो ते, उजेड किती देतो ते ल्यूमेनमध्ये असतं आणि बॉक्सवर छापलेलं असतं. जागेवर किती उजेड पडला ते लक्समध्ये, म्हणजे एका चौरस मीटरवर किती ल्यूमेन. बसायच्या खोलीत सगळीकडे मिळून १०० ते १५० लक्स पुष्कळ झाले, वाचायच्या किंवा कामाच्या जागी ३०० ते ५००, जिन्यावर १०० ते १५०.

समजा खोली सहा मीटर बाय पाच मीटर, म्हणजे ३० चौरस मीटर. १५० लक्स हवेत, तर ४,५०० ल्यूमेन खाली पोचायला हवेत. पोचायला, निघायला नव्हे! उंच खोलीत निम्मा प्रकाश वाटेत जातो असं धरा आणि धूळ व वय यांमुळे आणखी वीस टक्के. म्हणजे ४,५०० ला ०.४ ने भागा, आले साधारण ११,००० ल्यूमेन. चांगला एलईडी एका वॅटला १०० ल्यूमेनच्या आसपास देतो, म्हणजे सगळे मिळून ११० वॅट. घरातला नेहमीचा नऊ-दहा वॅटचा बल्ब ८०० ते ९०० ल्यूमेनचा असतो, तसे तेरा-चौदा झाले.

हा आकडा बघून घाबरू नका आणि तेवढे बल्ब छतात ठोकायलाही जाऊ नका. हा वरचा हिशोब सगळे दिवे वर असतील तर आहे. जेवढे दिवे खाली आणाल तेवढा हा आकडा कमी होत जातो, कारण खुर्चीशेजारचा दिवा दोन-तीन फुटांवरून काम करतो आणि त्याला ५०० ल्यूमेनही खूप होतात. मोबाइलमध्ये लक्स मोजायची ॲप मिळतात, अगदी अचूक नसतात पण इथे किती आणि तिथे किती अशी तुलना करायला छान चालतात. मी टेबलावर, सोफ्यावर, जिन्याच्या पहिल्या पायरीवर मोबाइल ठेवून फिरलो होतो, घरच्यांनी वेड्यात काढलं, पण नऊ डाउनलाइटांखालीही वाचायच्या खुर्चीवर माझी सावली पडली की आकडा ४० च्या खाली जातोय हे त्यातूनच कळलं.

४. खालचे आठ फूट: इथेच पैसे आणि डोकं घाला

रिचर्ड केली नावाचा अमेरिकन प्रकाशयोजनाकार होता, त्याने १९५२ मध्ये प्रकाशाचे तीन प्रकार सांगितले होते: एक सगळीकडे पसरलेला मऊ उजेड, दुसरा एखाद्या जागेवर नेमका पडणारा, आणि तिसरा नुसती चमक, डोळ्यांची मजा. उंच खोलीत घोटाळा हाच होतो की आपण तिसऱ्याकडून पहिल्या दोघांचं काम करून घ्यायला बघतो. झुंबर म्हणजे चमक. त्याच्याकडून वाचायला उजेड मिळेल ही अपेक्षा ठेवलीत तर झुंबर जितकं मोठं तितकी निराशा मोठी.

तर नेमका प्रकाश आधी. प्रत्येक बसायच्या जागेला स्वतःचा एक दिवा द्या, उभा लॅम्प, टेबल लॅम्प किंवा भिंतीवरचा. शेडची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या जवळपास आली की बल्ब डोळ्यात जात नाही आणि पान उजळतं. भिंतीवरचे दिवे साधारण साडेपाच ते सहा फुटांवर लावतात, उंच खोलीत अर्धा-एक फूट वर नेले तरी चालतं, पण भिंत उंच आहे म्हणून दहा फुटांवर लावलेत तर पुन्हा तीच विहीर.

आणि हे दिवे चेहऱ्यावर बाजूने प्रकाश टाकतात, डोळ्यांखालच्या खोबण्या त्यानेच जातात. मी सोफ्याच्या दोन्ही टोकांना एकेक लॅम्प ठेवला आणि पहिल्यांदा त्या हॉलमध्ये घरात बसल्यासारखं वाटलं. भिंत फोडावी लागली नाही, वायरमनला बोलवावं लागलं नाही, प्लग लावला आणि झालं.

जेवणाच्या टेबलावर लटकता दिवा हवाच. त्याची खालची कड टेबलाच्या वर ३० ते ३४ इंच. छत उंच असेल तर थोडा वर घ्यायला सांगतात, दिसायला प्रमाणात वाटतो म्हणून, पण तीन फुटांच्या वर नेऊ नये असं माझं मत, कारण मग समोरच्याचा चेहरा पुन्हा वरून उजळायला लागतो. पंधरा फुटांच्या छतावरून नऊ-साडेनऊ फूट वायर लोंबतेय हे बघायला विचित्र वाटेल अशी भीती असते, मलाही होती, प्रत्यक्षात नजर दिव्यावरच राहते आणि ती लांब रेघ उलट छान दिसते. मात्र पंखा किंवा एसीचा झोत जवळ असेल तर लांब वायरवरचा हलका दिवा हलत राहतो आणि त्याबरोबर टेबलावरच्या सगळ्या सावल्या हलतात, जेवताना बोटीत बसल्यासारखं होतं. तिथे वायरऐवजी कडक दांडीचा किंवा वजनदार शेडचा घ्या. आणि जिथून माणसं चालणार तिथे कोणत्याही दिव्याखाली किमान सात फूट मोकळे ठेवा.

झुंबर लावायचंच असेल तर आकाराचा एक जुना ठोकताळा आहे: खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत मोजा, बेरीज करा, तेवढे इंच व्यास. वीस बाय सोळाची खोली असेल तर ३६ इंच. झुंबराची स्वतःची उंची काढायची असेल तर छताच्या प्रत्येक फुटामागे अडीच ते तीन इंच, म्हणजे पंधरा फुटांना साधारण ३७ ते ४५ इंच. हा नियम दगडावरची रेघ नाही, पण उंच खोलीत सगळे लहान दिवा आणण्याची चूक करतात, दुकानात सगळंच मोठं दिसतं, घरी आणून वर टांगलं की लिंबाएवढं.

म्हणून विकत घेण्याआधी हे करा. तेवढ्याच आकाराचं पुठ्ठ्याचं वर्तुळ कापा किंवा मोठा फुगा फुगवा, सुतळी बांधा, आणि ठरवलेल्या उंचीवर टांगा, वर पोचता येत नसेल तर लांब काठीला बांधून एकाने धरायचं आणि दुसऱ्याने दारातून, सोफ्यावरून, जिन्याच्या वरच्या पायरीवरून बघायचं. मी ३० इंची ठरवलं होतं, पुठ्ठा लावून बघितला तर वर नुसती थाळी टांगल्यासारखं दिसत होतं. आणि उंचीही दोन फुटांनी खाली आली. दहा मिनिटांचं काम आहे, पण परत करायला गेलेलं झुंबर पुन्हा खोक्यात भरण्यापेक्षा खूप सोपं.

५. छतात दिवे लावणारच असाल तर कोन बघून घ्या

छतातले दिवे वाईट असं माझं म्हणणं नाही, झाडलोट करताना, पाहुणे आल्यावर लागतात. पण उंचीवर चुकीचा कोन घेतला की सगळं वाया. प्रत्येक स्पॉटला बीम अँगल असतो, म्हणजे प्रकाशाचा शंकू किती उघडा आहे ते. पंधरा फुटी छतावरून टेबलाच्या उंचीला पडणारं वर्तुळ असं येतं: १५ अंशाचा दिवा साधारण सव्वातीन फूट, २४ अंशाचा सव्वापाच फूट, ३६ अंशाचा आठ फूट, आणि ६० अंशाचा चौदा फूट. साध्या उंचीच्या खोलीत ६० अंश छान वाटतो, इथे तो अर्धी खोली आणि भिंती रंगवत बसतो आणि टेबलावर येतो तो पाणी घातल्यासारखा उजेड. तेव्हा टेबल, कॉफी टेबल, गालिचा अशा ठरावीक जागांसाठी २४ किंवा ३६ घ्या. १५ चा दिवा नाटकातल्या स्पॉटसारखा गोल पाडतो, एखाद्या मूर्तीवर किंवा झाडावर ठीक, माणसावर नको.

जरा खोलात जायचं असेल तर बॉक्सवर किंवा माहितीपत्रकात कँडेलाचा आकडा शोधा, म्हणजे दिवा एका दिशेने किती जोरात प्रकाश टाकतो ते. त्याला मीटरमधल्या अंतराच्या वर्गाने भागलं की खाली किती लक्स पडतील ते थेट मिळतं. दिवा टेबलापासून ३.७५ मीटरवर आहे, वर्ग झाला १४, टेबलावर २०० लक्स हवेत, तर २,८०० कँडेलाचा दिवा लागेल. दुकानदाराला हे विचारलंत तर तो एकदा तुमच्याकडे नीट बघेल, बघू दे.

डोळ्यांवर येणारा झगमगाट हा वेगळा त्रास. बसलेल्या माणसाला उंच छतातला दिवा तसा थेट दिसत नाही, पण सोफ्यावर आडवं झालं की दिसतो, आणि जमिनीवर उताणं खेळणाऱ्या बाळाला तर दुसरं काहीच दिसत नाही. म्हणून आत खोल बसवलेला दिवा घ्या, ज्यात प्रकाश निघतो ती जागा कडेपासून आत असते. उतरत्या छतात साधा गोल डाउनलाइट सरळ बसवला तर तो समोरच्या भिंतीकडे आणि लोकांच्या तोंडावर मारतो, तिथे मान फिरणारा दिवा हवा. याहून सोपा मार्ग म्हणजे तुळई असेल तर तिच्या बाजूला किंवा भिंतीवर नऊ-दहा फुटांवर ट्रॅक, म्हणजे दिवे सरकवता येतील अशी पट्टी, लावायचा आणि त्यावरून स्पॉट फिरवायचे. सामान हलवलं की दिवेही हलवता येतात, आणि शिडी छोटी पुरते.

पंख्याचं मात्र आधी बघा. उंच खोलीत पंखा लांब दांडीवर खाली सोडलेला असतो आणि डाउनलाइट त्याच्या वर राहतात. मग फिरणारी पाती प्रकाश कापत राहतात आणि अख्ख्या खोलीत लुकलुक लुकलुक, दहा मिनिटांत डोकं उठतं. माझे नऊपैकी दोन दिवे एवढ्याच कारणाने बंद आहेत. एकतर दिवे पात्यांच्या खालच्या पातळीला आणा, नाहीतर पंख्याच्या घेरापासून इतके लांब घ्या की शंकू पात्यांना लागणार नाही.

६. वरचा काळोख घालवा, पण हळूच

खालचं नीट झालं की मग वर बघा. वरचा भाग पूर्ण अंधारात ठेवला तर उंचीचा फायदाच दिसत नाही आणि दडपल्यासारखं वाटतं, आणि तिथे भगभगीत उजेड केला तर खोली ऑफिससारखी होते. थोडासा उजेड पुरतो.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वर तोंड करणारा उभा लॅम्प. कोपऱ्यात ठेवा, प्रकाश छतावर आपटून मऊ होऊन खाली येतो. पण छत पांढरं किंवा फिकं असेल तरच. पांढरा रंग सत्तर-ऐंशी टक्के प्रकाश परत देतो, गडद लाकूड त्यातला बहुतेक गिळून टाकतं. गडद लाकडी छत असेल तर वर प्रकाश टाकून खालच्या उजेडाची अपेक्षा ठेवू नका, तिथे तो फक्त लाकूड दिसावं म्हणून. जुने हॅलोजनवाले उभे लॅम्प कुठे मिळाले तर घेऊ नका, प्रचंड तापतात, पडदा लागला तर पेट घेऊ शकतो.

भिंतीच्या कडेने एलईडीची पट्टी लपवायची असेल, म्हणजे कोव्ह, तर ती छताच्या किमान एक फूट खाली हवी. अगदी छताला चिकटवली की वर एक भाजल्यासारखी प्रखर रेघ उमटते आणि पुढे अंधार. बारा व्होल्टची पट्टी पाच मीटरच्या पुढे ओढली की शेवटाला मंद पडते, मोठ्या खोलीत चोवीस व्होल्टची घ्या किंवा दोन्ही टोकांनी वीज द्या.

एखादी भिंत वरपासून खालपर्यंत उजळली तर उंची सगळ्यात छान कळते. त्यासाठी दिवे भिंतीपासून उंचीच्या साधारण एक तृतीयांश लांब ठेवतात, पंधरा फुटांना पाच फूट. दगडाची किंवा विटांची भिंत असेल तर उलट अगदी जवळून, सहा इंच ते एक फूट, म्हणजे प्रत्येक खाचेची सावली पडते. गिलाव्याच्या साध्या भिंतीवर हे करू नका. पुट्टी मारणाऱ्याचा हात जिथे जिथे थांबला होता तो प्रत्येक डाग दिसतो. चित्रावर मारायचा असेल तर उभ्या रेषेपासून तीसेक अंश तिरका, काचेत दिवा दिसत नाही आणि फ्रेमची लांब सावलीही पडत नाही.

मोठ्या उंच खिडक्या असतील तर रात्री त्या काळ्या आरशासारख्या होतात आणि खोलीतला प्रत्येक उघडा बल्ब त्यात दोनदा दिसतो. पडदा, नाहीतर दुधी शेडचे दिवे.

७. प्रकाशाचा रंग

यात फार विचार करू नका. बसायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर. कामाची जागा असेल तर ४०००. साडेसहा हजारवाला निळसर पांढरा उंच खोलीत अगदीच स्टेशनसारखा वाटतो. सगळ्यात महत्त्वाचं, एका नजरेत दिसणारे दिवे एकाच आकड्याचे घ्या, खाली पिवळा आणि वर निळा झाला की वरचं छत दुसऱ्याच घराचं वाटतं. सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, ९० च्या वर मिळाला तर तोच घ्या, लाकूड आणि कातडीचा रंग त्यात खरा दिसतो, ८० मध्ये सगळे जरा फिके.

८. स्विच वेगवेगळे आणि डिमर

छतातले, लटकते, भिंतीवरचे, वर तोंड करणारे, हे सगळे वेगळ्या स्विचवर. एका बटणावर अख्खी खोली पेटली तर इतका विचार कशाला केला. जिन्याचा दिवा खालून आणि वरून दोन्हीकडून चालूबंद व्हायला हवा. टेबल लॅम्पचे प्लगसुद्धा भिंतीवरच्या एखाद्या स्विचला जोडता आले तर उत्तमच, नाहीतर रोज रात्री सगळीकडे वाकत फिरायचं.

डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, लावाच, पण बल्बवर डिमेबल लिहिलेलं हवं आणि डिमर एलईडीसाठीचा हवा. जुन्या पिवळ्या बल्बसाठीच्या डिमरला जास्त वॅटचं ओझं लागतं, त्याला दोन एलईडी जोडले की ते फडफडतात नाहीतर गुणगुणतात. आधी एकच बल्ब आणून लावून बघा, दहा टक्क्यांपर्यंत खाली आणा, पाच मिनिटं बसा. मग बाकीचे आणा.

९. वर चढणार कोण?

खरं तर हे सगळ्यात आधी विचारायला हवं होतं, पण आधी सांगितलं असतं तर कोणी वाचलं नसतं. पंधरा फुटांवरचा बल्ब बदलायला घरातली शिडी पुरत नाही. मोठी शिडी किंवा परांची, आणि ती लावायला माणूस. एलईडीवर २५,००० तास लिहिलेलं असतं खरं, पण बऱ्याचदा एलईडी टिकतो आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारा डबा, आधी जातो, आणि गरम हवा वर जाते त्यामुळे छताजवळचा ड्रायव्हर जास्त तापतो आणि लवकर दमतो. म्हणून शक्य तिथे ड्रायव्हर हाताला येईल अशा जागी ठेवायला सांगा, कपाटावर, लॉफ्टमध्ये कुठेही. आणि ज्यात बल्ब बदलता येतो असाच दिवा उंचावर लावा. आतच चिकटवलेला एलईडी गेला तर सगळा दिवाच उतरवावा लागतो.

साध्या बल्बसाठी लांब काठीला रबरी पकड असलेलं साधन मिळतं, ते चालतं, पण फक्त सरळ खाली तोंड असलेल्या बल्बला. जड झुंबर असेल तर वर खाली करणारी मोटर बसवता येते, महाग वाटते, पण साफसफाईला दरवेळी परांची बांधण्याचा खर्च जोडून बघा. आणि वाडग्यासारखी वर तोंड असलेली काचेची शेड उंचावर लावू नका, प्लीज. पहिल्या पावसानंतर त्यात किडे पडतात आणि खालून प्रत्येक किड्याची काळी आकृती पायांसकट दिसत राहते. आमच्याकडे एक चतुर चार महिने दिसत होता.

वजनाचंही बघा. झुंबराचा हूक खऱ्या स्लॅबमध्ये किंवा तुळईत हवा, फॉल्स सीलिंगच्या पत्र्याला नाही. वजन साखळीने किंवा स्टीलच्या तारेने पेलायचं, विजेच्या वायरने नव्हे. धातूच्या दिव्याला अर्थिंग पाहिजेच. हात लावायच्या आधी नुसता स्विच नाही तर मेन बोर्डातला एमसीबी पाडा, आणि एवढ्या उंचीचं काम इलेक्ट्रिशियनवर सोडा, यात हौस नको.

१०. घ्यायचा क्रम

सगळं एकदम घेऊ नका. पहिल्या आठवड्यात फक्त प्लगवाले लॅम्प आणा, तीन-चार, आणि त्यांच्यावर राहून बघा. कुठे कमी पडतंय ते आपोआप कळतं. मग टेबलावरचा लटकता दिवा. मग वरचा काळोख. छतातले स्पॉट आणि झुंबर सगळ्यात शेवटी, बऱ्याच जणांना तोपर्यंत स्पॉट अर्धेच लागतात असं लक्षात येतं. पण घर अजून बांधलं जात असेल तर वायरी मात्र सगळीकडच्या आधीच टाकून ठेवा, दिवे नंतर आले तरी चालतील, प्लास्टर झाल्यावर भिंत फोडणं कोणालाच नको असतं.

आणि लटकता दिवा बसवताना इलेक्ट्रिशियन उरलेली वायर कापायला पक्कड काढेल, त्याला थांबवा. दोन-तीन फूट जास्तीची वायर गुंडाळून छताजवळच्या वाटीत ठेवायला सांगा. आठवड्याभराने तुम्हाला दिवा अजून फूटभर खाली हवासा वाटणार आहे.